अकरा फुल्या

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रीतम आला आणि ह्यांची पेटी उघडायला लावली! हे जाऊन पाच वर्षं झाली, मी हात लावला नव्हता. आत काय — डांबरगोळ्यांचा वास, क्लारनेट, बँडाची लाल टोपी, आणि वह्या.

प्रीतम म्हणजे ह्यांचाच चेला. आमच्या बँडात झांजा वाजवायचा, आता हायस्कुलात मास्तर. मुलींचा बँड काढलाय त्याने. बत्तीस चेडवा! जानेवारीत ओरोसला स्पर्धा, चालत चालत वाजवायचं. म्हणतो, "काकी, सगळ्यांचा तां फिल्मी. माका आपल्या हयचा कायतरी होया. गुरुजींच्या वहीत असतला."

तासभर चाळत बसला. मी केलेले पोहे तसेच. मग ओरडलाच — "काकी! ह्यां बगा!"

बघितलं. डोकंच फिरलं. जामसंड्याच्या त्या बाईचं गाणं! अख्खं बँडासाठी बसवलेलं. क्लारनेटची ओळ वेगळी, कॉर्नेटची वेगळी, झांजांची वेगळी, लाल शाईने आखून. एकवीस पानं! घराला चुना काढायला ह्यांना सवड नव्हती.

१३ नोव्हेंबर

ती बाई म्हणजे किशोरी. त्र्याण्णव साली तिची कॅसेट निघाली. शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा. आणि क्लारनेट ह्यांचं. चार दिवस कोल्हापूरला राहिले त्यासाठी. परत आले ते शिट्टी वाजवत.

गाणं बरं आहे. खोटं कशाला लिहू. दुसऱ्या कडव्याच्या आधी ती थांबते, श्वास घेते — तो श्वास पण कॅसेटीत ऐकू येतो! — आणि मग हे सुरू होतात. मी बोलताना माझं वाक्य संपायची वाट कधी बघितली नाही ह्यांनी.

आणि बँडात ते गाणं एकदाही वाजवलं नाही. लोक मागायचे — "मास्तर, तां वाजवा मां!" लग्नात नवरदेवाचा काका गळ्यात पडायचा. हे म्हणायचे, "तां बँडाचा नाय." नागिणीवर लोळणाऱ्यांसाठी तासभर वाजवतील. हेच नाही! एवढं जपायचं म्हणजे काय, ते मला कळत नाही होय?

१४ नोव्हेंबर

सकाळी तुळशीला पाणी घातलं आणि सगळं आठवलं. नको होतं आठवायला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लिहूनच टाकते. पोटात ठेवून काय लोणचं घालायचंय?

दर वर्षी तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी हे पांढरा शर्ट घालून निघायचे. "कामाक जातंय." संध्याकाळच्या गाडीने परत. मग दोन दिवस तोंडातून शब्द नाही. इकडे लग्नं सुरू व्हायची, पोरं दारात उभी, वाद्यं पुसायची — आणि ह्यांचं लक्ष भलतीकडे.

एक वर्षी वाडीतली राधाबाई त्याच गाडीत होती. मुद्दाम वाट वाकडी करून माझ्या अंगणात आली. "शेवंती, तुझो घोव जामसंड्याक उतरलो गो!" मी म्हटलं, आंब्याच्या कलमांची चौकशी करायला गेले असतील. "कलमां? तुळशीच्या लग्नाक?" — आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला मी चहा दिला नाही. आजही देत नाही.

मी ह्यांना विचारलं नाही. मी कशाला विचारू? त्यांनी सांगावं.

आज ती वही शेवटपर्यंत बघितली. मागच्या पानावर तारखा. चौऱ्याण्णव ते दोन हजार चार, बँड मोडला तोपर्यंत. प्रत्येक तारखेपुढे "जामसंडे" आणि एक फुली. अकरा तारखा, अकरा फुल्या. भेटीगाठी कोणी टिपून ठेवतं काय? निदान लपवायचं तरी!

२० नोव्हेंबर

प्रीतम कागद घेऊन आला. स्पर्धेचा नियम म्हणे. ज्याची चाल त्याची लेखी परवानगी पाहिजे. नुसतं वाजवायची नाही, बदलून बँडासाठी बसवायची पण. आणि ज्याने बसवलं त्याची पण सही, तो नसेल तर घरच्यांची. गेल्या वर्षी शाळेने कुठल्याशा फिल्मी गाण्याचा व्हिडिओ टाकला, तो दोन दिवसांत उडाला. तेव्हापासून हेडबाई कागद कागद करतायत.

मी म्हटलं, उद्या शिंकायला पण सही घ्या.

"काकी, हसा नको. वीस डिसेंबरच्या आत कागद जावक होयो. नायतर ह्यां गाणां रद्द."

म्हणजे दोन सह्या, एका कागदावर. वर तिची, खाली माझी. व्वा!

२१ नोव्हेंबर

त्याने तिला दोन पत्रं घातली. उत्तर नाही. फोन उचलत नाही. "तुम्ही गेलात तर ऐकतली."

"कित्याक? माझो आणि तिचो काय नातो?"

तो कागदाची घडी घालत बसला. त्याला पण ठाऊक आहे. सगळ्या कट्टा गावाला ठाऊक आहे!

२४ नोव्हेंबर

प्रीतमला सांगितलं, वही वाळवीने खाल्ली.

तो पेटीकडे बघत म्हणाला, "काकी, पेटी लोखंडाची."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बाजारातून येताना शाळेच्या मैदानाकडून आले. पहिल्या दिवशी त्या गाण्याच्या दोन ओळी पाठ करून गेला होता तो प्रीतम, तेवढ्याच चेडवांना शिकवल्या. तेवढ्याच परत परत. पिशवीत बांगडे होते, माशा यायला लागल्या, तरी मी कुंपणाशी उभी.

मोठा ढोल जमिनीवर आडवा ठेवलेला. ह्यांनी वहीत वरच लिहिलंय — "पाऊल हळू. ढोल नको." बँड आणि ढोल नको! असला बँड कोण ऐकणार? लग्नात कोण नाचणार? पण चेडवा चालत होती ती बघण्यासारखी. पाऊल उचलायची, जरा थांबवायची, मग टेकायची. जसं कोणी ओहोळातून चालतं. पुढे एक बारीक मुलगी क्लारनेटवर, गाल फुगवून. चुकली की जीभ बाहेर काढते.

प्रीतम कुंपणाशी आला. "परवानगी नाय मिळाली तर सोडून देतलंय. गुरुजी म्हणत, दुसऱ्याच्या चालीक हात लावचो तर विचारून."

मोठे विचारणारे! बायकोला काही विचारलं नाही कधी. घरी आले, बांगडे करपवले.

२ डिसेंबर

उद्या जाते. त्या चेडवांसाठी जाते. बाकी कशासाठी नाही. निळं लुगडं काढून ठेवलंय. मग आत ठेवलं. मग परत काढलं.

३ डिसेंबर, बुधवार

मालवणला गाडी बदलून जामसंडे. कंबर मोडली. हे अकरा वेळा गेले ह्या रस्त्याने, त्यांची नाही मोडली!

घर शोधायला लागलं नाही. सगळे सांगतात, गाणारी किशोरी. अंगण सारवलेलं, आरशासारखं. दारात बोगनवेल. मी मुद्दाम धूळ शोधली. नाही मिळाली.

ती आली काठी टेकत. गुडघे गेलेत. केस सगळे पांढरे, रंग लावत नाही. कॅसेटीवर काय काजळ होतं! मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण बोलली आणि आवाज तोच. सदुसष्टाव्या वर्षी तोच! माझा आवाज कधीच कोणाला आवडला नाही. आरतीला मला मागे उभं करतात.

"कोण गो?"

"शेवंती. कट्ट्याची. गंगाराम बँडवाल्यांची."

तिने काठी दाराला टेकवली. मग म्हणाली, "बसा."

"बसाक नाय इलंय. ह्यो कागद आसा. मास्तरान पत्रां घातल्यान ती वाचलास काय?"

"वाचलंय. बँडाचा नाव बघलंय आणि बाजूक ठेवलंय."

चहा आणला. आलं जास्त झालं होतं. एक चूक सापडली! मी वही पुढे केली. तिने उघडली नाही, नुसता पुठ्ठ्यावर हात ठेवला. ह्यांच्या नावावर. मला तो हात काढून टाकावासा वाटला.

"ते येयत," ती म्हणाली. "दर वर्साक. तुळशीच्या लग्नाआधी."

"माका म्हायत आसा."

"तुमका सांगल्यांनी?"

"सांगूक कशाक होया? माका डोळे आसत!"

ती काहीतरी बोलणार होती. मी उठले. "गाडी जातली माझी. सही करूची आसात तर करा, नायतर नाय म्हणा. एक काय तां."

"वही ठेवन जावा. बगतंय. मगे कळवतंय."

ठेवून आले! का ठेवली? अर्ध्या वाटेत आचऱ्याला गाडी थांबली तेव्हा लक्षात आलं — आता वही पण तिच्याकडेच.

४ डिसेंबर

गाडी पाऊण तास उशिरा आली होती. बसले असते तर चाललं असतं. पण ऐकायचंच नव्हतं मला. तिच्या तोंडून कशाला?

१० डिसेंबर

काही नाही.

राधाबाई कुंपणावरून — "जामसंड्याक गेल्लंस मां? काय म्हणता ती?" बातमी वाऱ्याच्या आधी पोचते हिला. म्हटलं, कलमं बघायला गेले होते.

१५ डिसेंबर, सोमवार

प्रीतम रोज येतो, काही विचारत नाही. पायरीवर बसतो, चहा पितो, जातो. ते जास्त वाईट. चेडवा दुसरं गाणं बसवायला लागली, ते नेहमीचं, सगळ्या शाळांचं. ढोल उभा केला परत. इथपर्यंत ऐकू येतो. धबा धबा.

रात्रंदिवस एकच डोक्यात. वहीतली एकवीस पानं ती वाचत असेल. ह्यांचं अक्षर. माझ्यासाठी ह्यांनी लिहिलेलं काय आहे घरात? भिंतीवर दूधवाल्याचा फोन नंबर.

१७ डिसेंबर

ठरवलंय. तिने हो म्हटलं तर मी नाही म्हणणार. माझी पण सही लागते मां? मग! तिच्या एकटीच्या हो म्हणण्याने काही होत नाही. आयुष्यात एकदा तरी तिला कळू दे, मधे मी पण आहे.

लिहिलं आणि बरं वाटलं. मग त्या बारीक मुलीची जीभ आठवली. वही... ही रोजनिशी बंद केली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी कंडक्टर पुडकं देऊन गेला. वही. आत कागद, तिची सही झालेली. आणि एक चिठ्ठी.

"तुम्ही म्हणालात, माका डोळे आसत. तेव्हा मला कळलं नाही. मागचं पान बघितलं तेव्हा कळलं, की ह्या फुल्या कसल्या ते तुम्हाला कोणी सांगितलंच नाही.

ते दारात उभे राहायचे. चपला पण काढल्या नाहीत कधी. 'बँडात वाजवू काय?' एवढंच विचारायचे. मी नाही म्हणायची. ते गाणं माझ्या भावाचं, होडीतून गेला तो आला नाही. त्याच्यावर वरातीत दारू पिऊन नाचतील, ते मला नको होतं. ते म्हणायचे, 'बरां,' आणि जायचे. अकरा वर्षं. बाकीचे बँडवाले न विचारता वाजवायचे.

हळू पाऊल, ढोल नको, हे मला कधी सांगितलं नाही त्यांनी. वही दाखवली असती तर पहिल्याच वर्षी हो म्हटलं असतं. परवानगीच्या आधी दाखवणं त्यांना बरं वाटलं नसेल."

मागचं पान उघडलं. अकरा फुल्यांच्या खाली नवीन ओळ, निळ्या शाईत. कालची तारीख. जामसंडे. पुढे बरोबरची खूण.

सही केली. प्रीतम सायकल टाकून धावला.

अकरा वर्षं हे परक्या बाईच्या दारात विचारायला उभे राहिले. आणि मी ह्यांना एकदा पण विचारलं नाही — खंय गेल्लात?