सहावी सळई

सोमवार, ४ मार्च

एका सळईची खरी किंमत आज मांडून पाहिली. सळई म्हणजे करंगळीएवढी काळी कांडी, लायटरमधल्या गारगोटीची थोरली बहीण. पोलादी पात्याने घासली की ठिणग्यांचा झोत! तिच्यापायी काय गेलं? अकरा वर्षं. डाव्या अंगठ्याचं नख, दोनदा. उजवी भुवई, एकदा (परत उगवली, पण वाकडी). बायकोचं स्वयंपाकघरातलं टेबल, कायमचं. आणि मेहुण्याशी बोलणं, जवळजवळ वर्षभर.

आज ही मोजदाद का, तर कारखान्यात पर्वतावरच्या बचाव पथकाच्या प्रमुख बाई आल्या होत्या. स्वतःहून! बसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "डोंगरावरच्या निवाऱ्यातली संकटकाळची पेटी वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. काड्यापेटीचा लगदा होतो, लायटरचा गॅस उडून जातो. आणि जो उघडतो तो अर्धा गोठलेला असतो." मागच्या हिवाळ्यात लायटर लागला नाही म्हणून एकाची चार बोटं कापावी लागली. हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

मी म्हटलं, "बाई, मी स्वतः न ऐकलेली एकही सळई या दारातून बाहेर जात नाही." मग आमची पद्धत दाखवली. ओल लागू नये म्हणून रंग देऊन वाळवलेली प्रत्येक सळई पेटीत भरण्याआधी एकाने एकदा घासायची, मी डोळे मिटून शेजारी उभा. चांगली सळई जाड कापड फाडल्यासारखी बोलते — चर्रर्र! वाईट असेल ती खोकते.

"ऐकून आठ वर्षांनंतरचं कळतं?"

"कळतं," म्हणालो.

"मग बघूच. आठ वर्षांपूर्वी खिंडीवरच्या निवाऱ्यासाठी तुम्ही सहा दिल्या होत्या. वीस तारखेला ती पेटी उघडतोय. या तुम्हीपण. सहाच्या सहा लागल्या तर तेवीसही निवाऱ्यांत तुमच्याच सळया."

मी त्या सहा साफ विसरलो होतो! तेवीस निवारे!

मंगळवार, ५ मार्च

बादलीत खारं पाणी केलं. आजच्या पेटीतल्या दहा सळया आत. वीस तारखेपर्यंत माझ्याही हाताशी काही हवं.

शनिवार, ९ मार्च

बादलीतल्या सळयांवर पांढुरकं काहीतरी आलंय. बोटाने पुसलं, गेलं. बायको डोकावली. "अहो, हे सगळ्यांना एकाच जागी कसं? तुम्ही घासता तिथेच?"

म्हटलं, घासलेली जागा खरखरीत असते, मीठ तिथेच धरणार. उत्तर माझ्या जिभेवर तयारच असतं.

"बरं," म्हणाली. तिचं बरं मला कधीच बरं वाटत नाही. पण सळया घासून पाहिल्या — दहाही लागल्या. चला!

गुरुवार, १४ मार्च

चढायचे बूट सापडले. चढायची छाती सापडते का बघू.

बुधवार, २० मार्च

कुठून सुरुवात करू! बसल्या बसल्या पाय अजून थरथरताहेत.

चार तास चढ. पथकातली पोरं गप्पा मारत चालली होती, मी फक्त श्वास घेत होतो. निवारा म्हणजे दगडी खोली, एक खिडकी, भिंतीला पत्र्याची पेटी. बाईंनी पेटी उघडली. ओल्या गोणपाटासारखा वास.

पहिली सळई उचलली आणि हातातच मोडली. मधोमध. आतून राखाडी भुगा. दुसरी तशीच. तिसरी उचलावीच लागली नाही, पेटीतच दोन तुकडे पडले होते. चौथी. पाचवीला निदान आकार होता. बाईंनी घासली तर खोकली आणि ढासळली.

एकाने घसा खाकरला. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. चार बोटं गमावलेला तो माणूस डोळ्यांपुढून हलेना. इथे तो माझी सळई हातात घेऊन बसला असता तर?

सहावी बाईंनी माझ्याकडे न बघताच घेतली. आणि — चर्रर्र! पाठमोरा होतो तरी ओळखलं. वळेपर्यंत त्यांनी चारपाच झोत पाडले होते. कापसाने पेट घेतला, काटक्यांनी घेतला. त्याच आगीवर सगळ्यांचा चहा झाला.

कप हातात देत बाई म्हणाल्या, "सहात एक. माझ्या माणसाच्या हाताला पाचांतली एक लागली तर? त्या एकीत वेगळं काय ते शोधा. महिनाअखेरीपर्यंत थांबते. नाही सापडलं तर दुसरीकडे विचारते."

उतरताना जवळजवळ पळतच आलो. आठ वर्षं टिकणारी सळई माझ्याच हातून घडली आहे! फक्त कशी, तेवढंच कळायचंय.

गुरुवार, २१ मार्च

जुनी वही काढली. सहाही एकाच दांड्यातून कापलेल्या. रंग एकाच डब्यातला, दिवस एकच. घासायला मेहुणा, ऐकायला मी. सहा रकान्यांत सहा खुणा. फरक शून्य!

मग आठवलं. सहावीचा आवाजच वेगळा होता. किंचित उंच, स्वच्छ. आज अगदी कानात आला. म्हणजे गुण धातूतच होता आणि माझ्या कानाने तो तेव्हाच टिपला होता! बाईंना फोन करून सांगून टाकलं. "आवाजावरून निवडून देतो, तेवीसही निवाऱ्यांना."

"लिहून द्याल?"

"देतो की."

सोमवार, २५ मार्च

तीन दिवस नुसतं ऐकतोय. चारशे सळयांतून अकरा बाजूला काढल्या — उंच, स्वच्छ. बायको म्हणते, मला तर सगळ्या सारख्याच वाटतात. तिला हापूस आणि पायरीही सारखेच लागतात. हसलो दोघं.

बुधवारी मेहुण्याला जेवायला बोलावलंय. आवाजाची गोष्ट त्याच्यासमोर सांगायचीच! माझ्या कानाची सगळ्यात जास्त टिंगल त्यानेच केली आहे. बाईंना द्यायचा कागद लिहून तयार आहे, सही तेवढी राहिली.

बुधवार, २७ मार्च

गोष्ट रंगवून सांगितली. मेहुणा ताटातली बोटं तशीच धरून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "दाजी, रागावू नका. त्या सहांतल्या पाच झाल्या आणि तुमचा फोन वाजला, तुम्ही बाहेर गेलात. परत येऊन विचारलंत, झाल्या का सगळ्या? मी कंटाळलो होतो. हो म्हणालो."

बायकोने बादलीतली एक सळई आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. घासून रंग उडालेल्या जागी पोखरलेली, बाकी काळीभोर.

कागद फाडला. उद्यापासून आधी घासायचं, मग रंग.

सहावी सळई मी ऐकलीच नव्हती.