सोळा बरण्या, सोळा चिठ्ठ्या

९ फेब्रुवारी २००४. शहापूर
माझ्या मार्गदर्शक सरांचं पत्र. ओळी आता खाली घसरतात. "खेकड्यांची मापं पाठव. मला दिसतंय तोवर." एवढंच.
स्पिरिटमधल्या खेकड्यांच्या सोळा बरण्या. नऊ हर्णैच्या, सात मालवणकडच्या. एकच जात की दोन? ९३ साली मीच गोळा केले, प्रश्नही माझाच. तेव्हा वाटलं, मापं सावकाश घेऊ, बरण्या कुठं पळून जातायत. मग मुंबईच्या म्युझियममध्ये क्युरेटर झाले. मग इमारत रिकामी केली. समुद्राचा सगळा संग्रह या शाळेच्या हॉलमध्ये 'तात्पुरता' आला. माझं घर शेणव्याला, म्हणून बरण्यांबरोबर मीही. तात्पुरत्याला चार वर्षं झाली.

१३ फेब्रु.
आठवीचा वर्ग येऊन गेला. नेहमीचा प्रश्न: "मॅडम, हे खाता येतं?"
देवकीमावशी, हॉलची शिपाई, बाकावरूनच: "खा की रं. पन आदी त्या दारूतनं काडा, नायतर झिंगाल." पोरं हसली. मीही. पुष्कळ दिवसांनी.
मावशी कातकरवाडीतली. अक्षर येत नाही. ओढ्यातला मुठा, गोड्या पाण्यातला खेकडा, मात्र न उलटता सांगते, नर की मादी.

१९ फेब्रु.
उद्या मुरबाडला संस्थेची बैठक. सोमवारी तपासणी समिती. मावशीला सांगितलं, बरण्या लख्ख पाहिजेत.

२० फेब्रु.
दुपारच्या एस.टी.नं मुरबाडहून परत. हॉलमागे कपड्यांच्या तारेवर चिठ्ठ्या. बरण्यांच्या आतल्या. सगळ्या. एकेक टाचणीनं लावलेली.
"कागदां पार भिजली व्हती बाय. सडाय लागली. वालत घातली. एक फाटला नाय."
वारा सुटला होता. मी ओरडले. काय काय बोलले आठवत नाही. चिठ्ठ्या ओरबाडून पिशवीत कोंबल्या.
किनारा, तारीख, कुणी पकडला, सगळं त्या चिठ्ठीवर. ती नसेल तर बरणीत नुसतं मेलेलं जनावर.

२३ फेब्रु.
समिती. "वा, स्वच्छता आहे!" ऑफिसातून छापील पट्ट्या आल्या, बाहेरून चिकटवायला. खेकडा. खेकडा. खेकडा. खेकडा. समितीला आवडल्या.

२ मार्च
शंख, तारामासे, स्पंज यांच्या चिठ्ठ्या बऱ्याचशा जुळल्या. नावावरून, आकारावरून. काही कधीच जुळणार नाहीत.
खेकडे सोळा. चिठ्ठ्या सोळा. रंग केव्हाच उडालेत. सगळे सारखे, चहाच्या चोथ्यासारखे.
दादा खर्डीहून आला होता. "टाक ना कुठलीपण. तुझ्याशिवाय कोण बघतंय?"
खरं आहे. म्हणूनच.

९ मार्च
बारीक नांगीचे मालवणकडचे, हा माझा तेव्हापासूनचा अंदाज. आज त्याप्रमाणे वेगळे करायला बसले. तिसऱ्या बरणीशी हात थांबला. नांगीवरून किनारा ठरवायचा. मग सिद्ध करायचं की किनाऱ्याप्रमाणे नांगी बदलते. कॉलेजात शिकवायचे तेव्हा असं लिहिणाऱ्या मुलीला मी पहिल्या वर्षाला नापास केलंय. रडली होती.

१६ मार्च
मावशी आठवडाभर आली नव्हती. आज आली. आत येईना, पायरीवरच.
"एक सांगू? रागवशीला तर रागवा."
"सांग."
"ओलीनं लावली व्हती मी. पैल्या बरनीचा पैला, मंग दुसरीचा. कपाटाच्या रांगेनं. वाऱ्यानं एक हालला नवता. तुमीच गोला केली."

दुपारी दोनदा मागे जाऊन आले. टाचण्या अजून तारेवर आहेत. ओळीत. तिला नुसतं विचारलं असतं तर. तिनं रांग राखली. क्युरेटर मी.

१८ मार्च
शिकवण्यासारखं बरंच होतं तिला, चार वर्षांत. चिठ्ठी म्हणजे काय, हे एवढंसं वाक्य. कधी...

२४ मार्च
सरांना उत्तर. चार वेळा लिहिलं, फाडलं. पुन्हा जाऊन गोळा करू? गुडघे खडकावर टिकत नाहीत. आणि मालवणकडचा माझा खडक बंदराच्या नव्या धक्क्याखाली गेला, म्हणतात. जे होतं ते या सोळा बरण्यांत होतं.
आई नेहमी विचारायची, एवढं शिकलीस, तुझ्या हातचं काय राहणार गो? मी बरण्या दाखवल्या होत्या.

२९ मार्च
पाचवा मसुदा. "सर, मापं घेतली आहेत, किनारे माहीत नाहीत." पुढे सुचत नाही. चूक कुणाची लिहू? मावशीचं नाव लिहिलं. खोडलं.

५ एप्रिल
स्पिरिट बदलायचं म्हणून सोळाही बरण्या टेबलावर काढल्या होत्या. हेडमास्तरांकडे जाऊन आले. परत येते तो मावशीनं त्या हलवलेल्या. काही डावीकडे, काही उजवीकडे. मधे वीतभर जागा.
"हे काय केलंस?"
"हे वायले, ते वायले. डेंगे बगा ना. एका आयचे नायत."
डेंगे म्हणजे नांग्या. एक बरणी उचलून उजेडात धरली. दुसरी धरली. मला फरक दिसला. दिसला की मला तो दिसायला हवा होता?
मोजलं. डावीकडे नऊ. उजवीकडे सात.
पुन्हा मोजलं.
"मावशे, नऊ न् सात, हे मी तुला कधी सांगितलं होतं का? आठव. त्या दिवशी, तारेपाशी?"
ती फडकं पिळत होती.
"त्या दिवशी तुमी लय बोललात बाय. मी कायच ऐकलं नाय."
बरण्या तशाच टेबलावर. सरांचं पाकीट अजून चिकटवलेलं नाही.