माझ्या उमेदवारीची धास्ती

४ ऑक्टोबर
पाणीपुरवठा कार्यालयातल्या हेडक्लार्कीचा राजीनामा दिला. चोवीस वर्षं झाली. सरकारी खुर्चीवर बसून विधानसभा लढवता येत नाही. साहेबांनी ‘विचार करा’ असं एकदाही म्हटलं नाही, लगेच मंजूर. घाबरले असणार, उद्या हा आमदार होऊन तपासणीला आला तर? बायकोने मात्र घर डोक्यावर घेतलं. मुलीचं शिक्षण अर्ध्यावर आहे, पडलात तर कोण विचारणार आहे म्हणाली. पडतो कशाला!

७ ऑक्टोबर
अपक्ष अर्ज भरला. दहा सूचकांच्या सह्या लागतात. अख्ख्या मतदारसंघात शहाणा माणूस औषधालाही नाही. न्हाव्याने सही केली, वर विचारलं, मतही द्यावं लागेल का? असल्या लोकांचं भलं करायला निघालोय मी.

१३ ऑक्टोबर
माघारीचा शेवटचा दिवस, मुदत तीनपर्यंत. आज मोठे पक्ष अपक्षांच्या हातापाया पडतात. सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसलोय. दोनदा ठाम नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा विचार करतो म्हणायचं. एखादं महामंडळ देत असतील तर जनहितासाठी माघार घेईन.
२.४० – गाडी थांबली! समोरच्या इस्त्रीवाल्याकडे कपडे टाकून गेली.
३.०५ – कोणी फिरकलं नाही. माझा निर्धार त्यांच्या कानावर गेला असणार.

१६ ऑक्टोबर
आले! सत्ताधारी पक्षाचा कार्यकर्ता घरी आला, चक्क वाकून नमस्कार. म्हणाला, माघार घेतली नाहीत ते फार बरं केलंत. प्रत्येक केंद्रावर तुमचा एक प्रतिनिधी बसायला हवा, माणसं आम्ही देतो, तुम्ही फक्त सह्या करा. दोनशे दहा केंद्रं, दोनशे दहा कोरे फॉर्म. प्रतिस्पर्धी स्वतःची माणसं माझ्या दिमतीला देतो, याला म्हणतात दरारा! बायको म्हणाली, नावं न वाचता सह्या कसल्या करता? चोवीस वर्षं दुसरं काय केलं, असं सुनावलं तिला.

२ नोव्हेंबर
मतदान. आमच्या केंद्रावर माझा प्रतिनिधी बघून ऊर भरून आला. धिप्पाड, गळ्यात माझ्या नावाचं कार्ड. पाठ थोपटायला गेलो तर म्हणाला, काका, मध्ये घुसू नका, रांगेत या. शिस्तीचा माणूस. शेजारी सत्ताधारी पक्षाचा प्रतिनिधी होता, दोघं एकाच डब्यातून जेवत होते. शत्रूलाही आपलंसं करतात माझी माणसं.

५ नोव्हेंबर, सकाळी
मतमोजणी. विजयाचं भाषण पाठ आहे.

५ नोव्हेंबर, संध्याकाळी
सत्ताधारी निवडून आले. माझ्या नावाची कार्डं घातलेले सगळे मांडवात त्यांच्या नावाने नाचत होते. मला कोणी ओळखलं नाही. एकाने गुलाल लावला आणि बाजूला व्हा म्हणाला.
माझी मतं अठ्ठावन्न. प्रतिनिधी दोनशे दहा.
लोक नालायक आहेत, असं लिहायला घेतलं होतं. लिहवलं नाही. परतीच्या वाटेवर कार्यालयात डोकावलो. माझ्या टेबलावर ज्युनिअर बसला होता. पंधरा दिवस झाले म्हणे. लाज वाटली.
बायको आत्ता विचारायला आली, उद्या डबा करायचा का?