बर्लिनचे सेक्टर आणि माझा राजीनामा

२० सप्टेंबर १९६१
आजपासून रोजनिशी. जगाची परिस्थिती पाहता कोणीतरी नोंद ठेवायलाच पाहिजे. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस विमान अपघातात गेले. फार वाईट वाटलं. जागा रिकामी झाली. मी अकरावीत नसतो तर अर्ज केला असता.

शाळेत नोटीस लागली. गांधी जयंतीला रायपूरला छात्र संमेलन. विषय, 'संसार की समस्याएँ और हमारे समाधान'. प्रत्येक शाळेतून दोघांची जोडी. आमच्याकडून मी आणि कवडू. कवडू शेजारच्या क्वार्टरमध्ये राहतो. आमच्या दोघांचेही बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये लागले, तेव्हा भंडाऱ्याहून एकाच गाडीने आलो. मधल्या भिंतीवर दोनदा ठोकलं की तो बाहेर येतो. तसा हुशार आहे, पण जगाची समज कमी.

घरी सांगितलं तर आई हसत सुटली. म्हणे, "तुहं लगन बी नाही झालं, तुले संसारातलं काय समजते?" हिंदीत संसार म्हणजे जग, हे या बाईला कोण सांगणार! इतकी वर्षं भिलाईत राहून हिंदी येत नाही. फार चीड आली. मला दोन्ही भाषा येतात, म्हणून त्रास होतो.

२२ सप्टेंबर, सकाळ
बर्लिनचा प्रश्न सुटला. आंघोळ करताना सुटला.

पेपरात वाचलं, बर्लिनमध्ये सेक्टर आहेत. रशियन सेक्टर, अमेरिकन सेक्टर, मधे नवी भिंत. अरे, मग भिलाईत काय आहे? सेक्टरच की! प्लांट उभारायला आलेले रशियनसुद्धा आहेत. इथे कुठे आहे भिंत? पंजाबी, बंगाली, मलबारी, तेलुगू, आम्ही, सगळे एका रांगेत. कारण क्वार्टर अलॉटमेंटने मिळतं, शेजारी निवडता येत नाही. बर्लिनमध्ये हेच करायचं. एक रशियन, एक अमेरिकन, परत एक रशियन. मधून सेक्टरची बस. खलास! एवढ्या मोठ्या पुढाऱ्यांना हे सुचू नये याचा संताप येतो. पगार कशाचा घेतात?

संध्याकाळ
कवडूला योजना सांगितली. म्हणे, "तिथल्या लोकायले इचारलं का बे?" मूर्ख! आपल्याला कोणी विचारलं होतं?

२५ सप्टेंबर
भयंकर दिवस. भाषण मी करणार आणि कवडू नकाशा धरणार, असं मी ठरवलं होतं. कवडू म्हणे, "अर्धं मी बोलीन, तवा नकाशा तू धर." शांततेसाठी एकच आवाज लागतो हे त्याला समजावलं. ओरडून समजावलं, कारण ऐकत नव्हता. त्याने नकाशा सोडला नाही. मीही सोडला नाही. शाळेचा नकाशा, कापडावर चिकटवलेला, तो नेमका जर्मनीतून फाटला. चूक कवडूची. मी फक्त ओढला.

हेडमास्तर शुक्लाजींनी बोलावलं. रागाने लालेलाल. म्हणाले, "तीस तारीख तक दोनों राज़ीनामा लाओ, नहीं तो रायपुर कोई और जाएगा."

राजीनामा! माझा! ज्याने बर्लिन सोडवलं त्याचा! आणि वर रायपूरचीही धमकी! नकाशा फाटला म्हणून राजीनामा? युरोपात तर नेहमीच फाटतो, तिथे कोण देतं? मी देणार नाही. हे रक्ताने लिहिणार होतो, पण शाई नवीन आणली आहे.

२६ सप्टेंबर
निश्चय. राजीनामा नाही. कवडूशी बोलणं नाही. रोज पहाटे व्यायाम. आज उठलो नाही, रागामुळे झोप उशिरा लागली.

शाळा सुटल्यावर कवडू दारात. हातात फुटाण्यांचा पुडा. म्हणे, "चाल न बे, राजीनामा करून टाकू. काऊन आकडून बसला?" आधी याचं मराठी बघा! राजीनामा देतात, करत नाहीत. भिलाईत राहून पार बिघडला. आणि किती लाचार! हेडमास्तरांनी डोळे वटारले की हा तयार, वर मलाही ओढतो. म्हटलं, तुला करायचा तर कर, मी मरेन पण करणार नाही. तो बघतच राहिला. म्हणे, "एवढा राग आहे माह्यावर?" म्हटलं, आहे. पुडा ओट्यावर ठेवून गेला.

फुटाणे तत्त्व म्हणून खाल्ले नाहीत. जेवणानंतर थोडे खाल्ले.

२८ सप्टेंबर
भिंतीवर ठोकठोक. दोनदा. परत दोनदा. माझा निश्चय मोडायची चाल! बाबांची लोखंडी पेटी ओढून भिंतीला लावली, वर गाद्या रचल्या. आता काही ऐकू येत नाही. छान शांतता आहे.

बाबा फर्स्ट शिफ्टहून आले ते पेटीला ठेचकाळले. म्हणाले, "जगाची भांडनं मिटवून राहिला, अन् घरात बापाले चालाले जागा नाही ठेवली." अन्याय सगळीकडून आहे.

३० सप्टेंबर
डोकं लढवलं. राजीनामा पाहिजे ना? असा देतो की शुक्लाजी हात जोडून म्हणतील, परत घे. शुद्ध हिंदीत लिहिला. 'मैं संसार के हित में अपने स्थान का त्याग करता हूँ.' टेबलावर ठेवला आणि छाती काढून उभा राहिलो.

शुक्लाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "अरे भाई, राज़ीनामा माँगा था. इस्तीफ़ा किसने माँगा?"

हिंदीत राज़ीनामा म्हणजे समेट. दोघे राजी, झगडा खतम. हात मिळवायचे आणि रायपूरला जायचं, एवढंच होतं. कवडूलाही शब्द कळला नव्हता म्हणे, पण त्याने त्याच दिवशी विचारून घेतला. विचारून!

मी म्हटलं, माझ्याही मनात तेच होतं. शुक्लाजी म्हणाले, जो लिखा है सो मंज़ूर. माझी जागा सुखरामला. हथखोज गावचा सुखराम, ज्याला बर्लिन कुठल्या दिशेला आहे ते माहीत नाही!

हिंदीचाच राग येतो. एवढा मोठा देश, आणि एक शब्द नीट ठेवता येत नाही.

२ ऑक्टोबर
सकाळच्या गाडीने दोघे गेले. मी स्टेशनवर मुद्दाम गेलो नाही. सिग्नलजवळ उभा राहिलो. कवडूच्या बगलेत नकाशा होता. त्याच्या आईने, सत्यभामाकाकूंनी, मागून पट्टी लावून जर्मनी शिवून दिला आहे. कवडू खिडकीतून मागे बघत होता. मी खांबाआड झालो.

४ ऑक्टोबर
दुसरं बक्षीस! सेक्टरच्या योजनेला! माझ्या! कवडूने पुढे एकच गोष्ट जोडली, की अलॉटमेंटच्या आधी दोन्ही पक्षांनी राज़ीनामा करावा. त्यावर टाळ्या पडल्या म्हणे. सुखरामने आणखी सांगितलं की कवडूने तिथे माझं नाव घेतलं. "दिमाग मेरे दोस्त का है," म्हणाला. याला कोणी सांगितलं होतं नाव घ्यायला? फार राग आला. मग राग गेला, आणि नुसतंच वाईट वाटत राहिलं. मला कवडू पाहिजे. हे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

पेटी बाजूला ओढली. भिंतीवर दोनदा ठोकलं. थांबलो. परत दोनदा.

पलीकडून सत्यभामाकाकू ओरडल्या, "कोन ठोकून राहिलं जी? खिळा मारता का? कवडू नाही घरी, सुखरामसंग फिराले गेला!"

मी ओरडून सांगितलं, हो काकू, खिळाच मारतोय.

मग खरंच एक खिळा मारावा लागला.