हजेरीचं बक्षीस

पुणे ३०
६ जानेवारी २०१९

ती. श्रीधरदादास,
शि. सा. न. वि. वि.

काल तुझ्या बाळबरोबर खोकं पाठवलं, त्यात माझा जुना गेम कन्सोल आहे. मी नवीन घेतला. सदुसष्टाव्या वर्षी हिला हे काय सुचतंय, असं म्हणून झालं की पुढे वाच.

तुला अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले. डॉक्टरांनी उजव्या हाताने रबरी चेंडू दाबायला सांगितला, तर मी काय लिंबं पिळायला बसलोय, असं म्हणून तू तो कपाटावर टाकलास. पद्मजाने सगळं कळवलं आहे. ती सून आहे म्हणून गप्प बसते, मी बहीण आहे. चेंडू नको तर निदान कंट्रोलरची बटणं दाब. त्यात शेतीचा खेळ आहे. उजव्या अंगठ्याने पिकाला पाणी घालायचं, एवढंच काम.

तुझ्या अक्षरातल्या लग्नपत्रिका लोक जपून ठेवायचे रे. तो हात सारखा खिशात बघून मला रडू येतं. फोनवर हे बोलवत नाही, म्हणून लिहिलं.

लोभ आहेच, तो जरा अंगठ्यापर्यंत पोचू दे.
सुहासिनी

लोणी काळभोर
२४ जानेवारी २०१९

चि. सुहासिनीस,
अनेक आशीर्वाद.

मी सांगतो आहे, पद्मजा लिहिते आहे. तुझं पत्र वाचायला तिलाही भिंग लागलं. बत्तीस वर्षं गणित शिकवलंस, फळ्यावर मुलांना काय दिसत असेल देव जाणे. आणि फोनचं म्हणशील तर फोनवर तू एकटीच बोलतेस.

खेळ बरा आहे. मात्र ज्याने तो काढला त्याने वावर पाहिलेलं नाही. फ्लॉवर चार दिवसांत तयार! शेजारच्या गेनबांना दाखवलं, तर असलं बी कुठं मिळतंय ते आधी इचारा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

एक गंमत आवडली. रोज सकाळी खेळ उघडला की काही न करता बक्षीस मिळतं. कधी बियाण्याची पिशवी, कधी पत्र्याची झारी. सलग एकवीस दिवस गेलो तर सोन्याची झारी आहे. आज पंधरावा दिवस. हल्ली त्या झारीसाठी उठतो, असं म्हण हवं तर.

प्रकृतीला जप आणि अक्षर सुधार.
तुझा दादा

पुणे ३०
२७ जानेवारी २०१९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खेळतोस हे वाचून फार बरं वाटलं. पण हजेरीचं बक्षीस? अरे, नुसतं आल्याबद्दल देतात त्याला प्रसाद म्हणतात, बक्षीस नव्हे! बर्फाच्या गुहेतल्या राक्षसाकडून मी एकोणचाळीस वेळा मार खाल्ला, चाळिसाव्या वेळी त्याला लोळवला, तेव्हा कुठे एक ढाल मिळाली. ती मी वापरतसुद्धा नाही, नुसती उघडून बघते. बक्षीस असं असावं. हल्ली तर पैसे टाकून तलवारी विकत मिळतात, त्या घेणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही. कंपनीला तुम्ही रोज यायला हवे असता, म्हणून ही झारी.

फुकटची झारी घेणाऱ्याला मी काही खेळाडू म्हणणार नाही. राग मानू नकोस, मानलास तरी माया कमी करू नकोस.
सुहासिनी

लोणी काळभोर
४ फेब्रुवारी २०१९

ती. सुहासिनीआत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र आलं तो त्यांचा विसावा दिवस होता. वाचून हसले, आणि दुसऱ्या दिवशी खेळ उघडलाच नाही. सुहासिनीचं बरोबर आहे, फुकटचं कशाला घ्यायचं, एवढंच म्हणाले. तेव्हापासून हात पुन्हा खिशात आहे.

आत्या, तुम्ही पाहिलेलं नाही म्हणून सांगते. पलंगापासून त्या खुर्चीपर्यंत यायला त्यांना वीस मिनिटं लागतात. बनियनवर खेळायला बसायचं नाही, हा त्यांचा नियम. गेल्या महिन्यात शर्टाची वरची दोन बटणं त्यांची त्यांनी लावायला लागले होते. आता परत मीच लावते. त्यांचं नुसतं येणं नुसतं नसतं हो.

लहान तोंडी फार लिहिलं असेल तर पोटात घाला.
आपली पद्मजा

पुणे ३०
७ फेब्रुवारी २०१९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

माझं चुकलं. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही. बत्तीस वर्षं वर्गात हजेरी घेतली, पण बाकापर्यंत कोण कसं येतं, ते एकदाही कुणाला विचारलं नाही. एकोणचाळीस वेळा मार खाणं सोपं आहे, मला काय, बसल्या जागी खायचा होता.

सोबत पुठ्ठ्याचं कार्ड पाठवते आहे. एकवीस चौकोन पट्टीने आखले आहेत. खेळशील त्या दिवशी फुली मार. डाव्या हाताने मारलीस तरी चालेल, उजव्याने मारलीस तर जास्त मानीन. दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं नाही. तो आचरटपणा खेळाचा, माझा नव्हे. एकवीस भरले की मी स्वतः लोणीला येते आणि गाड्यांच्या शर्यतीत तुझ्याशी खेळते. मुद्दाम हरणार मात्र नाही.

रागावला असलास तर चार शिव्या कळव, पण पत्र पाठव.
तुझी सुहासिनी

लोणी काळभोर
५ मार्च २०१९

चि. सुहासिनीस,
अनेक आशीर्वाद.

हे पद्मजाने लिहिलेलं नाही. अक्षरावरून कळलंच असेल. अगदी तुझ्यासारखं आलं आहे.

कार्ड सोबत आहे. वीस फुल्या. एकविसावा चौकोन कोरा आहे. तीन दिवस खेळ उघडलेला नाही, हे पत्र लिहीत होतो.

ते हजेरीत धरायचं का, सांगा बाई.

दादा