कोऱ्या कागदावरची सही

बुधवार, दिवेलागणी

माझ्या पाळणाघराची नोंदणी करून देणारा एजंट सकाळी दोन हजार घेऊन गेला. पावती दिली नाही, उलट कोऱ्या कागदावर माझीच सही घेतली. "मजकूर मी टाकतो ना ताई, भरोसा ठेवा." कोऱ्या कागदावर! मी केली तरी कशी?

दुपारी शेजारच्या काकूंनी ना-हरकत पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं, मगच सही केली. तेव्हा मला त्यांचाच राग आला.

आता एजंटला फोन लावून राहिले, तर उचलत नाही. काहून? त्या कोऱ्या कागदावर काय लिहीत असेल?

मघाशी धंतोलीच्या दवाखान्यातली नर्स मुलीला न्यायला आली. "ताई, कागदपत्रं झाली का वं?"

"झालीच समज. भरोसा ठेव."

तिनं ठेवला. अगदी माझ्यासारखाच.