घरातल्या घरात, पोस्टाने

मंगळवार, दि. ४ मार्च, पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटे. जिन्याखालच्या खोलीत, तुमच्या जुन्या बुटांना पॉलिश करून ते वाळायची वाट पाहत असताना.

ती. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुम्ही वर झोपला आहात आणि मी खाली बसून तुम्हालाच पत्र लिहितो आहे, याचा संकोच वाटतो. पण परवापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. काल मामीने सांगितले की युनियनच्या सभेत तुम्ही सगळ्या पोस्टमननी हात वर करून शपथ घेतली आहे : संप मिटेपर्यंत बदली माणसाशी एक शब्द बोलायचा नाही. बदली माणूस म्हणजे मी. मग मी मामीच्या हाती चिठ्ठी पाठवली, तर ती तुम्ही न उघडता खाली धाडली, आणि सांगितलेत म्हणे की बिनतिकिटाचे पत्र एकतीस वर्षांत घेतलेले नाही. म्हणून हे तिकीट लावून कोपऱ्यावरच्या पेटीत टाकतो. उद्या अकराच्या सुमारास मीच ते तुमच्या दारात आणून टाकीन.

मामा, मी मुद्दाम तुमच्या पोटावर पाय दिलेला नाही. आमचा पॅकिंगचा कारखाना बंद पडला, दोन महिन्यांचा पगार बुडाला, हे तुम्ही जाणता. ठेकेदाराने विचारले, पत्ता वाचता येतो का. मी नववी नापास असलो तरी चार वर्षे खोक्यांवर पत्तेच लिहिले आहेत. बीट, म्हणजे माझ्या वाट्याची फेरी, कुठली ते त्याने कामाला लागल्यावर सांगितले. ते तुमचे निघाले.

सरकार पेन्शन काढून घेणार आणि त्याऐवजी एकदाच काहीतरी हातावर ठेवणार, हे तुम्ही जेवताना रोज सांगत होता. पुढच्या मे महिन्यात तुम्ही निवृत्त होणार, तेव्हा तुमची धडपड मला कळते. मला मात्र पेन्शन सोडाच, पगारही पुरता मिळालेला नाही, त्यामुळे नेमका कुणाचा राग करावा हे माझे अजून ठरत नाही.

काल लाल फाटकवाल्यांच्या कुत्र्याने उजव्या बुटाची टाच ओढून काढली. बूट तुमचे, म्हणून कळवले.

घरात लोभ आहेच, तो दारातही असू द्यावा.
आपला भाचा (व बदली)


बुधवार, दि. ५ मार्च

चि. भाच्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचले. शपथ बोलण्याची आहे, लिहिण्याची नाही. ही फट हात वर करतानाच माझ्या लक्षात आली होती, पण तिथे बोललो नाही.

पत्त्यात तू ‘जिन्यावरून वर, डावीकडचे दार’ असेही लिहिले आहेस. एका घरातून त्याच घरात येणाऱ्या पत्रावर इतका नीट पत्ता मी जन्मात पाहिला नव्हता.

मी तुला काम शिकवणार नाही. तो संपाशी दगा होईल. फक्त कुत्र्याविषयी लिहितो, कारण बूट माझे आहेत. त्याला घाबरून थैली पोटाशी धरू नकोस, त्याला वाटते आत खायला आहे. थैली पाठीला लाव आणि फाटकाशी हळू शीळ घाल. आता लिहायलाच बसलो आहे तर, गल्लीच्या टोकाला दोन पायऱ्यांचे घर आहे तिथल्या आजींना पत्र नुसते देऊन येऊ नकोस, वाचून दाखव. वाईट बातमी असेल तर आधी शेवट वाच, मग बस, मग पहिल्यापासून वाच. याला काम शिकवणे म्हणत नाहीत.

समोरचा न्हावी रोज माझ्याशी भांडतो. त्याचे म्हणणे, त्याने भरलेल्या करातून माझे म्हातारपण जाणार आणि त्याचा हात थरथरायला लागला की त्याला कुत्रे विचारणार नाही. मी म्हटले, तूही संप कर. तो म्हणाला, मी संप केला तर तुमची दाढी वाढेल, सरकारची नाही.

बाकी क्षेम. आशीर्वाद तिकिटासह.
तुझा न बोलणारा मामा


गुरुवार, दि. ६ मार्च, संध्याकाळी साडेसहा

ती. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मला सकाळी आठ वाजताच सॉर्टिंगमध्ये दिसले. अक्षर ओळखले, पण आपले घर बीटात एकतिसावे येते, म्हणून तिथे पोचेपर्यंत थैलीतच ठेवले. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी ते मला दिले. मामीने विचारले, दारात का उभा आहेस. मी म्हटले, पत्र आहे. कुणाचे, तर म्हटले, माझे. तिने कपाळाला हात लावला.

कुत्र्याने शिळेवर शेपूट हलवली. आजींनी विचारले की खरा पोस्टमन कुठे आहे, आणि मला मोठ्याने वाचायला सांगितले.

आता वाईट बातमी. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी शेवट लिहितो : तुमची पेन्शन जाऊ शकते.

आज पोस्टमास्तरांनी माझ्या हातात तुमच्या नावाचे एक रजिस्टर पत्र दिले. सगळ्या संपवाल्यांना अशी निघाली आहेत, माझ्या बीटात तुम्ही एकटेच आहात. त्यांनीच मला सांगितले की आत नोटीस आहे. ती सही करून घेतल्यापासून तीन दिवसांत कामावर आला नाहीत, तर आजवरची नोकरी धरली जाणार नाही. एकतीस वर्षे गेली आणि पेन्शन शून्य.

मी दार वाजवले तेव्हा तुम्ही मोरीत होता. दहा मिनिटे थांबलो. मामीने आधी सांगितले की तुम्ही आत आहात, मग म्हणाली तिला काही माहीत नाही. आता पाकिटावर मी काय लिहू? ‘घेण्यास नकार’ लिहिले तर ते पोचल्यासारखेच धरतात. ‘घरी नाही’ लिहावे तर पाण्याचा आवाज येत होता. शेवटी ‘दार उघडले नाही’ असे लिहिले. यात काही खोटे असेल तर कळवावे.

काळजीत असलेला,
आपला भाचा


शुक्रवार, दि. ७ मार्च

चि. भाच्यास,
अ. उ. आ.

तुझ्यामुळे दोन दिवस मी दोनदा अंघोळ करतो आहे. पाणी गार आहे.

नीट ऐक. रजिस्टर सात दिवस ठेवतात. रोज एकदा पत्त्यावर न्यायचे, माणूस भेटला नाही तर आठव्या दिवशी सकाळी ते पाठवणाऱ्याकडे परत. पुन्हा काढायला सरकारला पंधरवडा तरी लागतो, कारण ते काढणारे कारकूनही आमच्याबरोबर संपाच्या मंडपात बसले आहेत. तेवढ्यात संपाचा काय तो निकाल लागेल.

तुझ्या हातून खोटे लिहून घ्यायची माझी इच्छा नाही. उद्यापासून साडेदहा ते साडेअकरा मी खरोखरच घरी नसेन. समोर न्हाव्याकडे असेन. रजिस्टर पत्त्यावर द्यायचे असते, माणसामागे फिरून नाही. तू मला तिथे पाहिलेस तरी तो तुझा खाजगी अनुभव समज.

न्हावी नुसते बसू देत नाही. त्यामुळे रोज दाढी, उधारीवर.

तब्येतीला जप, टाच शिवून घे.
तुझा मामा


रविवार, दि. ९ मार्च, दुपारी तीन

ती. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

काल तुमच्या म्हणण्याप्रमाणे ‘घरी नाही’ लिहिले. मला रस्त्यापलीकडून आरशात साबणाचा फेस लावलेला एक चेहरा दिसला, पण फेसामुळे खात्री देता आली नसती. न्हाव्याने मात्र दुकानातूनच मला ओरडून सांगितले की त्याच्याकडे कुणाचाही मामा नाही. मी विचारले नव्हते.

परत जाताना त्याने मला बोलावून घेतले. म्हणाला, तुला पेन्शन नाही, मला पेन्शन नाही, आणि आपण दोघे मिळून पेन्शनवाल्याला लपवतो आहोत, अशी करमणूक त्याला बऱ्याच वर्षांत मिळाली नाही. मग विचारले, तू नक्की कुणाच्या बाजूचा. मी म्हटले, सध्या बीटावर आहे.

रजिस्टर गुरुवारी सकाळी परत जाईल. म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार एवढेच निभवायचे आहेत. ठेकेदार थोडे बोलतो, पण ते महत्त्वाचे नाही.

आपली दाढी सुखरूप राहो.
आपला भाचा


सोमवार, दि. १० मार्च

वरच्या मजल्यावरच्यांना आणि जिन्याखालच्याला,
नमस्कार आणि आशीर्वाद. कुणी कुठला घ्यायचा ते तुमचे तुम्ही पाहा.

तोंडाने सांगितलेले या घरात कुणी ऐकत नाही, तिकीट लावलेले ऐकतात असे दिसते. म्हणून मीही एक रुपया मोडला.

शनिवारी याने पगाराचे पाकीट माझ्याकडे ठेवायला दिले. पंधरा रुपये कमी होते. विचारले तर आधी रस्त्यात पडले म्हणाला. हा मुलगा रस्त्यात दुसऱ्याची पिन पडली तरी परत देऊन येतो. खोदून विचारल्यावर कळले : न पोचलेल्या रजिस्टरामागे ठेकेदार रोज पाच रुपये कापतो. आज वीस झाले, उद्या पंचवीस होतील. हे तो तुम्हाला लिहिणार नाही.

म्हणजे एकाची पेन्शन राहावी म्हणून दुसऱ्याचा पगार जातो आहे, आणि दोघेही मला समजावता की भांडण सरकारशी आहे.

मला पेन्शन नाही आणि माझा कुणी ठेकेदारही नाही. मी संपावर गेले तर नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवाल, याचा विचार करून ठेवा. बुधवारी सकाळी दहाला मी बहिणीकडे जाते आहे. पातेल्यात असेल ते गरम करून घ्या. मागे काय झाले ते मला लेखी कळवायचे.

जिची कुणी सही घेत नाही ती,
मामी


बुधवार, दि. १२ मार्च, दुपारी सव्वाचार

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

आज्ञेप्रमाणे लेखी कळवतो.

तुमचे पत्र काल मी दारात टाकले. नाव दोघांचे असले तरी मामांचे आधी होते, म्हणून उघडले नाही; रात्री त्यांनी ते माझ्या दाराखालून सरकवले, तेव्हा वाचले. आज अकरा वाजून चार मिनिटांनी रजिस्टर घेऊन आलो. ‘घरी नाही’ हे शब्द वेळ वाचावा म्हणून वाटेतच मनात जुळवून ठेवले होते. पण मामा दारात खुर्ची टाकून बसलेले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. समोरून न्हावी वस्तरा हलवून त्यांना बोलावत होता, तिकडे त्यांनी पाहिले नाही.

मी रजिस्टर मागे धरले. उद्या सकाळी ते आपोआप परत गेले असते. त्यांनाही ते ठाऊक होते, नियम त्यांनीच मला लिहून कळवला होता. त्यांनी हात पुढे केला. मी तसाच उभा राहिलो. तेव्हा दहा दिवसांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले.

“पेन कुठंय? पोस्टमनच्या खिशाला पेन नको?”

मी पेन दिले. त्यांनी सही केली, खाली तारीख आणि वेळ घातली, पोचपावती फाडून नीट घडी करून माझ्या हातात ठेवली, आणि सवयीने पेन स्वतःच्या खिशाला लावून आत गेले.

आता शनिवारपर्यंत ते हजर झाले नाहीत तर पेन्शन गेली. एकटे हजर झाले तर युनियनमध्ये तोंड दाखवायला जागा नाही. हे सगळे माझ्या रोजच्या पाच रुपयांपायी. मला जेवण गेले नाही. त्यात पातेल्याचा दोष नाही.

लवकर यावे, एवढे मागणे.
आपला भाचा


रविवार, दि. १६ मार्च

चि. भाच्यास,
अ. उ. आ.

शुक्रवारी संप मिटला आणि काल आम्ही सगळे एकदम हजर झालो, त्यामुळे माझी अब्रू आणि पेन्शन दोन्ही शाबूत. आता बोलायला मोकळीक आहे, पण हे तोंडाने सांगवेना. उद्या बीटावर मीच आहे, एकतिसाव्या घरी हे टाकीन.

मंडपात तडजोड वाचून दाखवली. पहिल्या तीन कलमांना टाळ्या पडल्या : पेन्शन जशीच्या तशी, संपाचे दिवस रजेत, नोटिसा रद्द. आम्ही हात वर केले. मीही केला, दोन्ही केले असते. चौथे कलम मग चहा पिता पिता वाचले. एक एप्रिलपासून जे नवे लागतील त्यांना पेन्शन नाही.

काल पोस्टमास्तरांनी मला बोलावून सांगितले की तुला एक एप्रिलपासून कायम करतो आहोत. म्हणाले, स्वतःचे पत्रही तीस घरे फिरवून मग घेणारा माणूस त्यांनी पाहिला नाही. मी तिथे आनंद दाखवला आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. तुझे पाच रुपये जाऊ नयेत म्हणून सही केली, आणि तुझे अख्खे म्हातारपण हात वर करून देऊन आलो.

न्हाव्याला कळले तेव्हा तो म्हणाला, भाचा आता आमच्यात आला. माझ्या गळ्यावर वस्तरा होता, आणि तो खोटेही बोलत नव्हता.

मी एक ठरवले आहे. तुझे पंचवीस रुपये कापले गेले. माझी पहिली पेन्शन येईल त्या महिन्यापासून, जिवंत आहे तोवर, दरमहा पंचवीस रुपये पोस्टात तुझ्या नावाच्या खात्यावर टाकीन. नाही म्हणालास तर पुन्हा शपथ घेईन, आणि या वेळी लिहिण्याचीही घेईन.

तुझा ओशाळा मामा


मंगळवार, दि. १८ मार्च, पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटे. त्याच खोलीत, गणवेशाच्या मापाची चिठ्ठी तपासत असताना.

ती. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र तुम्हीच आणून दिलेत आणि मी उघडेपर्यंत फाटकाशी उभे राहिलात. तसे थांबायचा नियम नाही.

रविवारी चौथे कलम पेपरात मीही वाचले होते. तेव्हा राग आला. कुणाचा ते या वेळी ठरले होते, पण रात्री वर तुम्ही खोकत होता आणि ते पुन्हा बिघडले. काल गणवेशाचे माप दिले. मी जागा घेतो आहे. युनियनचा अर्जही आणला आहे. कलम चारविरुद्ध कधी हात वर करायची वेळ आली, तर तो मी सगळे वाचून झाल्यावर करीन.

पंचवीस रुपये घेईन. पण त्यामुळे माझे सगळे म्हातारपण तुमच्या तब्येतीवर आले आहे, हे ध्यानात घ्यावे. गार पाण्याने अंघोळ बंद. न्हाव्याला नवे पाते वापरायला सांगितले आहे.

लोभ दीर्घायुषी असावा, म्हणजे हिशोब जुळेल. तो असा :

झालेला खर्च. तिकिटे पाच, हे धरून : ५ रुपये. तुमच्या तीन दाढ्या : ८ (नऊ होत होते, न्हाव्याने एक रुपया सोडला आणि ही खाजगी क्षेत्राकडून पेन्शन समजा म्हणाला). बुटाची टाच : ६. एकूण १९.

येणे. कारखान्याकडून दोन महिन्यांचा पगार : १४००, मिळणार नाही. ठेकेदाराकडून : २५, मिळणार नाही. सरकारकडून पेन्शन : काही नाही, कलम चारप्रमाणे बरोबर.

मामांकडून, पुढच्या मेपासून दरमहा २५, बत्तीस वर्षे : ९६००. तुम्ही नव्वद गाठाल असे धरले आहे. ऐंशी धरायला मन होईना.

शिवाय एक पेन. ते एक तारखेआधी लागेल.